भरतीच्या वेळी पाणी घरीच अडवा: मिरगाआधी करायची कामं

आमचं घर पणजीजवळ, टेकडीच्या पायथ्याला आणि खाजनाच्या (खाडीला बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) काठावर, म्हणजे वरचं पाणीपण आमच्या दारातून जातं आणि खालची खाडीपण आमच्या वाड्यापर्यंत येते. जुलैत रस्ता पाण्याखाली गेला की सगळे एकच म्हणतात, गटार मोठं करा. मीपण तेच म्हणायचो. पण दोन-तीन पावसाळे छत्री घेऊन गटारापाशी उभं राहून बघितलं आणि मत बदललं.

कारण गोव्यात पाणी काढून टाकायचं तर ते जाणार कुठे? आमची खाजनं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप असते, तिचं लाकडी दार बाहेरून भरती चढली की पाण्याच्या दाबानेच बंद होतं आणि ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पूर्वजांनी मोटर नाही, वीज नाही, नुसती खाडीची चाल बघून केलेली ही सोय. पण दार बंद असतं त्या काही तासांत पाऊस जोरात लागला तर गटार कितीही मोठं असू दे, पाणी आतच तुंबणार. म्हणून वरच्या घरांनी चार-पाच तास पाणी धरून ठेवलं तर खालच्या घरात शिरत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

आधी आजार ओळखा

मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा बघा. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. आता पाणी साचलं की दर अर्ध्या तासाने गेटच्या खांबावर खडूने खूण करा, बाजूला वेळ लिहा. भरतीला चढलं आणि ओहोटीला आपोआप उतरलं तर अडचण खाली मानशीकडे आहे, गटार उपसून फार काही होणार नाही. ओहोटी असूनही पाणी हलत नसेल तर कुठेतरी रस्त्याखालची मोरी तुंबलीय नाहीतर कुणीतरी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, भर घातलीय. ह्या खुणांचे फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येतात.

छपराचं पाणी

हिशेब करून बघा. १०० चौरस मीटरच्या छपरावर १ मिमी पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. आमच्याकडे एका दिवसात १०० मिमी पडणं काही नवीन नाही, म्हणजे एका घराचं १०,००० लिटर, आणि ते सगळं डाउनपाइपमधून थेट रस्त्यावर. काही जण तर तो पाइप संडासाच्या चेंबरमध्ये सोडतात, हे कृपा करून करू नका. जोराच्या पावसात चेंबर भरून मैला वर येतो आणि तोच पुढे व्हाळात आणि विहिरींच्या आसपास पसरतो.

मी काय केलं ते सांगतो. १००० लिटरची जुनी टाकी डाउनपाइपखाली ठेवली, तळापासून चार बोटं वर ड्रिलने ८ मिमीचं एकच भोक पाडलं, आणि वर ओव्हरफ्लोचा जाड पाइप काढून बागेकडे वळवला. मीटरभर उंचीची भरलेली टाकी त्या भोकातून रिकामी व्हायला साधारण चार तास लागतात, म्हणजे सर येते तेव्हा टाकी भरते आणि भरती उतरेपर्यंत हळूहळू रिकामी होत पुढच्या सरीसाठी तयार होते. भोक मोठं पाडलं तर अर्ध्या-पाऊण तासात सगळं निघून जातं, मग उपयोग शून्य. आतून जाळी लावाच, आंब्याचं एक पान अडकलं तरी काम बंद. टाकीच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. एका टाकीत दिवसाचा पाऊस मावत नाही हे खरं, पण सगळ्यात जोराची सर मोडते, आणि वाड्यातल्या वीस घरांनी केलं तर २०,००० लिटर एका झटक्यात खाली जायचं थांबतं.

शोषखड्डा करायचा असेल तर आधी जमीन तपासा. फूटभर खोल खड्डा काढून पाणी भरा, जिरू द्या, परत भरा, मग तिसऱ्यांदा भरून घड्याळ लावा. मे महिन्यातली तहानलेली माती पहिल्यांदा सगळंच पिते, त्यावर विश्वास ठेवू नका. सच्छिद्र चिऱ्यात (जांभ्या दगडात) पाणी झरझर उतरतं. पण खाजनाच्या काठावर जुलैत दोन फुटांवरच पाणी लागतं, तिथे खड्डा म्हणजे पैसे वाया, टाकीच बरी. आणि घर डोंगराच्या कापलेल्या उतारावर असेल तर खड्डा अजिबात नको, चिऱ्याखालची चिकट माती भिजून सरकली तर दरड घरावर येते. विहिरीपासून, सेप्टिक टँकपासून आणि घराच्या पायापासून लांबच ठेवा.

अंगण

सिमेंटमध्ये बसवलेले पेव्हर काढता आले तर काढा, निदान गाडीची दोन चाकं जातात तेवढंच पक्कं ठेवून मधे खडी नाहीतर गवत राहू द्या. आमच्या आजीने मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे केळ आणि अळू लावलं होतं, तीच युक्ती पावसाच्या पाण्याला वापरा. वीतभर खोल, पसरट खळगा करा, त्यात अळू, कर्दळ, केळ लावा, ओव्हरफ्लोचं पाणी तिथे सोडा. पाणी एक-दोन दिवसांत जिरायला हवं, कारण डासाच्या अळीला मोठं व्हायला आठवडाभर लागतो. जास्त दिवस राहत असेल तर खळगा उथळ करा.

गटार

गटार मिरग लागायच्या आधी, मेच्या शेवटी उपसा, आणि गाळ त्याच दिवशी उचला. आमच्या रस्त्यावर एका वर्षी गाळ काढून कडेलाच ढीग लावून ठेवला, पहिल्याच सरीत तो सगळा होता तिथे परत गेला. दोन दिवसांची मेहनत, अर्ध्या तासात. तुंबलेल्या पाण्यात उतरायचंच तर गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

व्हाळ आणि खाजन

हे एकट्याने होत नाही पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. व्हाळाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या की पाणी बंदुकीच्या गोळीसारखं खाली येतं आणि खालच्यांना बुडवतं. पहिल्या पावसात चढणीचे मासे उलटे पोहत शेतात अंडी घालायला येतात, भिंतीला आणि उंच मोरीला आपटून ते तिथेच अडकतात, मी स्वतः हाताने उचलून वर सोडलेत. काठाची झाडं तोडू नका, तळाला काँक्रीट नको म्हणून ग्रामसभेत लेखी द्या. आणि खाजनात मातीचे ट्रक रिकामे होताना दिसले तर गप्प बसू नका, खाजन म्हणजे पावसाचं पाणी भरतीभर थांबायची जागा, ती भरली की तेवढं पाणी तुमच्या ओसरीवर.

तारखेसकट फोटो काढा, सर्व्हे नंबर शोधून एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा, अर्ज करा पंचायतीला आणि मामलेदाराला, आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. पोच नसलेला अर्ज कुणाला आठवत नाही. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, गोव्यातलं पहिलंच, त्याचा दाखला जरूर द्या. पाऊस थांबायची वाट बघू नका, अर्ज पाणी साचलेलं असतानाच द्या, खांबावरच्या खडूच्या खुणांचे फोटो जोडून.