जोड ॲम्प घरात यायच्या आधी

होम थिएटरच्या रिसीव्हरमधल्या ॲम्पला जोड म्हणून वेगळा पॉवर ॲम्प घ्यायचा बेत असेल, तर आधी टीव्हीचं कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि रिसीव्हरची पाठ बघा. 'प्री-आउट' (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल द्यायची जागा) लिहिलेल्या जागी फक्त सबवूफरचं भोक असेल, तर वेगळ्या पॉवर ॲम्पचा विषय तिथंच थांबला. स्वस्तातल्या बहुतेक रिसीव्हरना तेवढंच असतं. 'फ्रंट' नावाखाली लाल-पांढरी जोडी दिसली तर पुढं वाचा. 'झोन २' ची जोडी बघून फसू नका. ती दुसऱ्या खोलीत गाणी वाजवायला दिलेली असते. स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढून ॲम्पला द्यायचा डबा गाडीच्या साउंडवाल्यांकडं मिळतो, पण त्यात रिसीव्हरच्या ॲम्पचीच खरखर पुढं जाते. ते पैसे बाजूला ठेवून पुढच्या वेळी प्री-आउटवाला रिसीव्हर घ्या, असंच मी सांगेन.

आता ॲम्प हवाय कशाला, हे कागदावर मांडा. आमचे मेहुणे बेळगावच्या शहापुरात राहतात. ते म्हणाले, "शंभर वॉटचा आहे, दोनशेचा आणला की आवाज डबल होतोय की." होत नाही. वॉट दुप्पट केले की वाढतात ३ डेसिबल, म्हणजे रिमोटवर व्हॉल्यूमचा आकडा तीनने पुढं सरकवल्याएवढं. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट. मेहुण्यांचे स्पीकर ८७ डेसिबलचे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल; यालाच सेन्सिटिव्हिटी म्हणतात. सोफा ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल गळतात, खोलीत भिंती थोडे परत करतात. धरा ८० उरले. घरात आपण पिक्चर सरासरी ७० ते ७५ ला बघतो, म्हणजे निम्मा वेळ स्पीकरला एक वॉटसुद्धा जात नाही. पण धमाका झाला की आवाज क्षणभर २० डेसिबल वर उडी मारतो. ९५ ला ३२ वॉट, ९८ ला ६३, १०१ ला सव्वाशे. ॲम्पची कमाई आहे ती या उडीपुरती.

रिसीव्हरच्या खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा दोनच चॅनेल (म्हणजे दोनच स्पीकर) वाजवून मोजलेला असतो. काही खोक्यांवर तर एकच चॅनेल, ६ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) असं बारीक अक्षरात छापतात. सात चॅनेल एकदम ओढायला लागले की आतला एकच ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना पुरवता पुरवता दमतो. पुढचे दोन स्पीकर जोड ॲम्पवर टाकले की उरलेल्या पाचांना श्वास मिळतो. म्हणून स्पीकर ४ ओहमचे असतील (ओहम कमी, तेवढा ॲम्पवर भार जास्त), सेन्सिटिव्हिटी ८५ च्या खाली असेल, जुन्या घरातला सोपा आणि माजघर एक करून मोठा हॉल केलेला असेल, किंवा रंगात आलेल्या सीनला रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडत असेल, तर ॲम्प घ्या. यातलं काहीच नसेल तर आधी सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफरमधली वाटणीची रेघ, ८० हर्ट्झवर ठेवा. जड बास सबवूफरकडं गेला की निम्मी तक्रार फुकटात मिटते. मेहुण्यांची तेवढ्यावर मिटली नाही. त्यांचे स्पीकर ४ ओहमचे निघाले.

ॲम्प निवडताना वॉटच्या शेजारचा 'गेन' बघा. होम थिएटरच्या पुष्कळ ॲम्पचा तो २९ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे आत १ व्होल्ट गेला की बाहेर २८ व्होल्ट, आणि ८ ओहमवर जवळपास १०० वॉट. रिसीव्हर प्री-आउटमधून स्वच्छ १ ते २ व्होल्ट देत असेल तर जोडी जमली. गेन फार कमी असला तर ॲम्प अर्धवटच जागा होतो, फार असला तर शांत सीनमध्ये स्पीकरमधून सू-सू ऐकू येतं.

आपल्या भागात एक मोह हमखास येतो. गणपतीत मंडपाचा साउंड लावणारा कुणीतरी ओळखीचा असतोच, तो म्हणतो, "आमच्याकडचा जुना ॲम्प न्या की, हजार वॉटचा आहे." फुकट मिळाला तरी आधी त्याच्या घरी जाऊन चालू करून पंखा ऐका. मिरवणुकीत तो पंखा कुणाच्या कानावर येत नाही, पण माजघरात रात्री नऊला पिठाच्या गिरणीसारखा वाटतो. इनपुटला एक्सएलआर (तीन पिनांचा गोल प्लग) किंवा जाड जॅक असतो, तेव्हा आरसीएची (रिसीव्हरच्या त्या लाल-पांढऱ्या जोडीची) जोडणी करणारी वायर वेगळी बनवून घ्यावी लागते. ब्रिज करून (दोन्ही बाजू मिळून एकच स्पीकर) वाजवायचा म्हणाल तर ४ ओहमच्या स्पीकरवर मुळीच नको. ब्रिजमध्ये प्रत्येक बाजूला निम्मेच ओहम दिसतात. दुसरा मोह अमेरिकेतल्या पुतण्याचा. तो येताना ॲम्प आणतो म्हणाला, तर पाठीमागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा फोटो आधी मागवा. ११५ आणि २३० असा स्विच असेल तर उत्तम. नुसतं १२० लिहिलं असेल तर जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला आणि सगळं गणितच फिसकटलं.

या सगळ्यापेक्षा जास्त वेळ मी घरच्या लाइटीवर घालवतो. ॲम्पच्या आधी वायरमनला बोलवा. मेहुण्यांच्या घरी आलेला वायरमन हुबळीकडचा. त्यानं मीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "अर्थ इल्लरी." अर्थिंग नाही हो, असं त्याला म्हणायचं होतं. पण कन्नडात आणि मराठीत 'अर्थ' एकच, तेव्हा मेहुण्यांनी ऐकलं ते "यात काही अर्थ नाही." ते दोन मिनिटं त्याच्याशी वाद घालत होते की ॲम्प घ्यायला अर्थ का नाही. हसून झाल्यावर शोध घेतला. घर जुनं, कौलारू. मागच्या पिढीनं अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. मध्ये कधीतरी नळाची लाइन प्लास्टिकची झाली. तार होती तिथंच होती, पाइप मात्र जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. तीन पिनांच्या बोर्डात मोठं भोक नुसतं शोभेला.

तेव्हा मीटरवर तीन आकडे बघायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा वीस-तीस दाखवायला लागला, नाहीतर नुसता वरखाली नाचायला लागला, की अर्थ तुटलेली आहे असं समजा. टेस्टरचा दिवा बघून समाधान मानू नका, तो फक्त फेज सांगतो. अर्थिंगचा खड्डा नव्यानं करायचा तर तो पावसाळ्याआधी करा. मीठ-कोळशाचा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतायची सवय ठेवा. आपली तांबडी माती उन्हाळ्यात वाळली की अर्थही वाळते.

सॉकेट १६ अँपिअरचा आणि त्यामागची तार २.५ चौरस मिलिमीटरची असावी. ६ अँपिअरच्या सॉकेटवर कागदोपत्री १३८० वॉट बसतात आणि रोजच्या ऐकण्यात ॲम्प त्याच्या पावपटही ओढत नाही, हे खरं. पण मोठा गोल ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर इतका करंट खेचतो की हलका एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडतो. तो पडलाच तर वायरमनला चालू करतानाचा झटका सोसणारा 'सी' कर्व्हचा टाकायला सांगा, अँपिअर वाढवून नको. बाजारातल्या पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावर ॲम्प, रिसीव्हर आणि फ्रिज असं कधीच नको. रिसीव्हर आणि ॲम्प मात्र एकाच बोर्डवर हवेत, कारण पुढं सांगतो. घरच्या इन्व्हर्टरवर हा बोर्ड घेऊ नका. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्ह नसेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, असला तरी बॅटरी लवकर बसते. वळवाच्या दिवसांत खानापूरकडून आभाळ काळं व्हायला लागलं की दोन्ही प्लग उपसा, केबलची आणि इंटरनेटची वायरही. सर्ज प्रोटेक्टर घेतलात तर चांगलंच, पण अर्थ नसेल तर तोही हातपाय बांधलेला पहारेकरी.

एकच बोर्ड का, तर गुंऽऽ असा आवाज. माझ्याच घरचा किस्सा. पहिला ॲम्प जोडला त्या रात्री स्पीकरमधून न थांबणारी गुणगुण. आई म्हणाली, "भुंगा शिरलाय काय रे आत?" मी चार दिवस वायरी बदलत बसलो. करायचं होतं ते पाच मिनिटांचं. ॲम्प बंद करून आरसीए उपसायच्या, पुन्हा चालू करून स्पीकर गप्प आहेत का बघायचं. गप्प झाले, म्हणजे ॲम्प बरा. मग रिसीव्हर जोडून एकेक वस्तू काढत जायची. टीव्ही केबलची जाड काळी वायर सेटटॉप बॉक्समधून काढली आणि भुंगा उडाला. केबलवाल्याची अर्थ खांबावर कुठंतरी, माझी घरात, आणि दोन्हींच्या मधून फिरणारा करंट माझ्या वूफरमध्ये. केबलच्या वायरीत दोन्ही अर्थ वेगळ्या ठेवणारा छोटा आयसोलेटर घातला आणि काम झालं. डिशला मात्र हा उपाय चालत नाही. छपरावरच्या डिशला त्याच वायरीतून वीज जाते, आयसोलेटर ती अडवतो. डिशची वायर घरच्याच अर्थला नीट बांधून घ्यायची. आणि काही झालं तरी प्लगची मोठी पिन मोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

जागेचं थोडक्यात. ॲम्पच्या वर वीतभर मोकळं, बाजूंना चार बोटं. काचेच्या दाराच्या कपाटात नको, रिसीव्हरच्या डोक्यावर तर नकोच. कपाटाची खोली मोजताना मागच्या वायरींचे तीन-चार इंच धरा, नाहीतर दार लागत नाही. वीस-पंचवीस किलोची वस्तू आहे, शोभेच्या फळीवर चढवू नका. वहिनींना आधी जागा दाखवा.

वायरींत पैसा उधळू नका, पण भेसळ ओळखा. स्पीकरला २.५ चौरस मिलिमीटरची निव्वळ तांब्याची वायर पुरे. दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध होतो ०.१४ ओहम, ४ ओहमच्या स्पीकरलाही चालतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या भावात गळ्यात मारतात. टोक ब्लेडनं खरवडा, आतून पांढरं दिसलं तर परत द्या. आरसीए ॲम्पपर्यंत पोचेल तेवढीच लांब घ्या, गुंडाळी नको. जुनी वापरणार असाल तर टोकं बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती काळी-हिरवी पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बोळा भिजवून पुसली की मळ निघतो, काळा-हिरवा थर मात्र त्यानं जात नाही. रिसीव्हर आणि ॲम्प दोन्हींना '१२ व्होल्ट ट्रिगर' असेल तर ३.५ मिलिमीटरची मोनो वायर आणा, रिमोटच्या एका बटणात दोन्ही जागे होतात. नसेल तर घरच्यांना क्रम शिकवा: लावताना रिसीव्हर आधी, बंद करताना ॲम्प आधी. उलटं केलंत की धप्प आवाज येतो.

जोडायच्या दिवशी आधी रिसीव्हरच्या सध्याच्या सेटिंगचे आणि मागच्या वायरींचे फोटो काढा. दोन्ही प्लग काढूनच वायरींना हात लावा. चालू ॲम्पमध्ये आरसीए खुपसली की मधली पिन बाहेरच्या कड्याआधी टेकते आणि त्या क्षणात जी घरघर उठते ती ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) महागात पडते. लाल लालला, काळं काळ्याला, तारेचा एकही सुटा केस बाहेर नको. व्हॉल्यूम तळाला ठेवून चालू करा, एखादं ओळखीचं गाणं हळू लावा. मग माइक लावून कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हरची स्पीकर मापून जुळवायची सोय, पहिल्यापासून करा; डेनॉनमध्ये तिचं नाव ऑडिसी असेल, यामाहात वायपीएओ. जुनी मापं आता खोटी आहेत, कारण पुढच्या जोडीचा गेन बदललाय. हे करताना पंखा बंद, आणि गल्लीत कुत्री भुंकत नसतील अशी वेळ. संपल्यावर लेव्हलचे आकडे बघा. पुढची जोडी उणे १२ ला जाऊन अडकली असेल तर रिसीव्हरला अजून खाली जायचं होतं, जागा उरली नाही. ॲम्पवर गेनची खुंटी असेल तर ती कमी करून पुन्हा मापा. मेहुण्यांकडं उणे ७ आलं, तिथंच सोडलं.

मोठ्यानं तपासायचं ते रात्री दहाच्या आत उरका. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि जुन्या गल्लीत शेजारच्यांची आणि आपली भिंत एकच. खोकं आणि आतला थर्माकोल माडीवर ठेवून द्या. ॲम्प दुरुस्तीला बहुधा कोल्हापूर, हुबळी नाहीतर पुण्याला न्यावा लागतो, आणि पंचवीस किलोची वस्तू थर्माकोलशिवाय एसटीच्या डिकीत कोण घेतंय?