ऑफ-रोड गाडीत टॉर्च हाताशी बसवताना या चुका टाळा

टॉर्च बसवण्याचे काम बहुतेक जण भर उजेडात, गाडी सपाट जागी उभी करून आणि दार सताड उघडे ठेवून करतात. तिची गरज मात्र पडते ती अंधारात, गाडी एका अंगावर कललेली असताना आणि सीटबेल्ट छातीवर आवळलेला असताना. या दोन प्रसंगांतला फरक विसरला जातो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. (पुष्कळ जण टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात; घोटाळा टळावा म्हणून या लेखात टॉर्चच्या आतल्या बॅटरीला ‘सेल’ म्हटले आहे आणि ‘बॅटरी’ हा शब्द गाडीच्या बॅटरीपुरता राखून ठेवला आहे.)

हाताशी म्हणजे नेमके कुठे?

डॅशबोर्डचा कप्पा आणि दाराचा खण या दोन जागा सर्वांना प्रथम सुचतात, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. कप्पा शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यांसमोर असतो, त्यामुळे बेल्ट लावलेल्या चालकाचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. दाराच्या खणातली टॉर्च गाडी कलंडली की खणात राहत नाही.

जागा ठरवताना एक बारकावा हमखास निसटतो. सीटबेल्टच्या रिळात गाडीचा कल ओळखणारी कळ असते; गाडी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कलली की रीळ अडकते आणि पट्टा पुढे सरकत नाही. म्हणजे सपाट जागेवर पुढे वाकून सहज गाठता येणारी जागा नेमक्या अडचणीच्या वेळी चार बोटे दूर राहते. म्हणून चाचणी अशी घ्यावी: सीट नेहमीच्या जागी ठेवून बेल्ट लावावा, पट्ट्याला झटका देऊन रीळ अडकवावे, तो ताण तसाच धरून डोळे मिटावेत आणि आधी एका, मग दुसऱ्या हाताने टॉर्च काढून पाहावी. दोन्ही हातांना ती सापडत नसेल तर जागा बदलावी.

या चाचणीत साधारणपणे तीन जागा टिकतात: मधल्या कन्सोलची चालकाकडची बाजू, सीटच्या बैठकीची पुढची कडा आणि उघड्या गाडीत रोल बारच्या (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या भक्कम नळ्यांच्या चौकटीच्या) उभ्या नळीचा खांद्याखालचा भाग. रोल बारवर डोक्याच्या आसपास टॉर्च लावणे दिसायला फार सोयीचे असते; पण त्या नळीला मऊ आवरण घालतात ते तिथे डोके आपटते म्हणूनच, आणि त्या आवरणावर धातूची कठीण नळी बांधली तर आवरण असून नसल्यासारखेच. सीटच्या पुढच्या कडेची जागा निवडणाऱ्याने टॉर्च निसटली तर कुठे घरंगळत जाईल हेही पाहावे. ब्रेकच्या पेडलखाली अडकलेली टॉर्च ही टॉर्च नसण्यापेक्षा कितीतरी वाईट.

एअरबॅगच्या वाटेत काहीही नको

काचेच्या कडेचा पुढचा खांब रिकामा दिसतो आणि हाताजवळही असतो, त्यामुळे तिथे क्लिप लावण्याचा मोह होतो. मात्र अनेक बंदिस्त गाड्यांत पडदा एअरबॅगची (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उलगडणाऱ्या एअरबॅगची) घडी छताच्या कडेने या खांबाच्या आवरणापर्यंत आलेली असते. एअरबॅग फुगायला सेकंदाचा काही शतांश भागच लागतो, आणि तिच्या वाटेत असलेली वस्तू थेट चेहऱ्याकडे फेकली जाते. सीटच्या पाठीची दाराकडची कड आणि काही गाड्यांत स्टिअरिंगखालचा गुडघ्यांसमोरचा भाग यांनाही हेच लागू आहे. आवरणावर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ (एअरबॅग यंत्रणेचे इंग्रजी लघुरूप) अशी अक्षरे कोरलेली असतील, तर ती जागा सोडून द्यावी.

ड्रिल हाती घेण्याआधीही थोडे थांबावे. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बहुधा मधल्या कन्सोलखालीच असतो, फरशीखालून इंधनाची आणि ब्रेकची नळी जाते, आणि पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग न लावल्यास तिथून गंज धरतो. सीटचा किंवा सीटबेल्टचा बोल्ट सैल करून त्याखाली पट्टी अडकवण्याची युक्ती तर मुळीच करू नये. ते बोल्ट ठरावीक ताकदीने आवळलेले असतात.

पकड सैल की घट्ट?

‘एवढीशी टॉर्च, तिला काय होतंय’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या वस्तूंवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४ पट ताण येतो. २०० ग्रॅमची टॉर्च त्या क्षणी पावणेतीन किलोसारखी ओढ घेते. साधी स्प्रिंग क्लिप तिला धरू शकत नाही. रबरी पट्टा ओढून खुंटीत अडकवायचा क्लॅम्प मला सर्वांत विश्वासाचा वाटतो: तो एका हाताने उघडतो, धातूवर धातू घासू देत नाही आणि खडखडही होऊ देत नाही. वेल्क्रोही चालतो, पण चिखल आणि धूळ त्याच्या आकड्यांत भरली की पकड निम्म्यावर येते, आणि हे आपल्याला टॉर्च पडल्यावर कळते.

खाचखळग्यांचे बहुतेक धक्के खालून वर येतात, त्यामुळे उभी लावलेली टॉर्च क्लिपमधून हळूहळू खाली सरकते. ती शक्यतो आडवी लावावी. उभीच लावायची असेल तर काचेचे रुंद तोंड वर ठेवावे, म्हणजे ते क्लिपच्या वरच्या कडेवर टेकून राहते.

चुंबकावर भिस्त ठेवू नये. चुंबक सरळ ओढीला दाद देत नाही, पण आडव्या धक्क्याने सहज घसरतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तो चिकटतच नाही.

दुहेरी चिकटपट्टी सुटते तेव्हा दोष पट्टीला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण डॅशबोर्डवर आधी चोळलेले सिलिकॉनचे पॉलिश असते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून पूर्ण वाळू द्यावा, पट्टी जोराने दाबून बसवावी आणि टॉर्च लगेच अडकवू नये. ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या पट्टीलाही पुरती पकड यायला साधारण ७२ तास लागतात. पॉलिप्रॉपिलीनसारख्या गुळगुळीत, मेणचट प्लास्टिकवर एवढे करूनही ती टिकेलच असे नाही. तिथे क्लॅम्पच बरा.

टॉर्च आपोआप पेटते

मी एकदा टॉर्च सीटच्या कडेला इतकी नीट बसवली होती की तिचे मागचे बटण सीटच्या पट्टीपासून जेमतेम एका नखाच्या अंतरावर होते. सीट पुढे ओढली आणि बटण दाबले गेले. तोंड खालच्या चटईला टेकलेले असल्यामुळे उजेड कोणाला दिसलाच नाही. संध्याकाळी चाक बदलायला टॉर्च काढली तेव्हा तिच्यात विझत्या निखाऱ्याएवढा प्रकाश उरला होता आणि चटईवर तोंडाएवढे वर्तुळ वितळून चकाकत होते. बारकाईने पाहिले तर त्या वर्तुळात चटईचे धागे एकमेकांना चिकटून काचेसारखे कडक झाले होते.

यावर उपाय सोपा आहे. अनेक टॉर्चचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले की विद्युतमंडल तुटते आणि बटण कितीही दाबले तरी दिवा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या टॉर्चमध्ये बंद असतानाही सेल किंचित झिजतो, तोही यामुळे वाचतो. मात्र झाकण सैल आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, नाहीतर अंधारात टॉर्च ‘बिघडली’ म्हणून ती बाजूला टाकली जाते. झाकण फार सैलही ठेवू नये, कारण मग पाणी आत शिरते.

उन्हात उभी गाडी आणि सेल

कडक उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. १८६५० किंवा २१७०० या मापाच्या लिथियम-आयन सेलना वापराची मर्यादा सहसा ६० अंशांची असते, आणि चार्जिंगची सुमारे ४५ अंशांची. टॉर्च काचेखाली न ठेवता खाली, सावलीत बसवण्याचे हेही एक कारण आहे. गाडीत महिनोन्महिने न वापरता राहणाऱ्या टॉर्चमध्ये साधे अल्कलाइन सेल ठेवू नयेत. ते पाझरतात आणि त्यातला क्षार स्प्रिंग खाऊन टाकतो. एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल उष्णतेत आणि थंडीतही बरेच अधिक टिकतात, वजनालाही हलके असतात.

चार्जिंगचा स्टँड कायमचा जोडायचा असेल तर त्याच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज द्यावा, आणि किल्ली बंद केल्यावर त्याचा पुरवठा थांबेल अशीच जोडणी करावी.

धक्क्यासरशी उजेड लुकलुकत असेल, तर सेल आत हलतो आहे. एकाच टोकाला स्प्रिंग असलेल्या टॉर्चमध्ये हे जास्त होते. स्प्रिंग दोन्ही टोकांना असेल तर धक्का जिरतो. आधी झाकणाचे आटे आणि संपर्काच्या जागा अल्कोहोलने पुसाव्यात, दबलेली स्प्रिंग हलकेच ओढून घ्यावी, रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे. पहिल्या खडबडीत फेरीनंतर काचेभोवतीची कडी हाताने फिरवून पाहावी, कारण थरथरीने ती सैल होते आणि क्लॅम्पला त्याचा पत्ताही लागत नाही. क्लॅम्पच्या खुंटीवर बोटभर रेडियमची पट्टी चिकटवली, की दुसऱ्या टॉर्चच्या किंवा मोबाइलच्या जराशा उजेडातही खुंटी चमकते आणि मागच्या सीटवरच्यालाही हात कुठे घालायचा ते विचारावे लागत नाही.