श्राद्धाच्या दिवशी काय बोलावं, काय गिळावं

पितृपक्षात घरोघरी आवाज चढतो तो साडेअकराच्या सुमाराला. वडे तळायचे राहिलेले, गुरुजी अजून मल्हारगंजातल्या यजमानांकडे, आणि धाकटे दीर तिसऱ्यांदा विचारतात, ‘झालं का?’ मनुस्मृतीने श्राद्धात तीन गोष्टी वाखाणल्या आहेत: शौच म्हणजे शुद्धता, अक्रोध आणि अत्वरा म्हणजे घाई न करणं. घाई टळली की रागाला फारसं निमित्तच उरत नाही, असं माझं मत.

म्हणून आधी वेळेचं बघा. श्राद्धाला धरतात तो कुतप, म्हणजे दिवसाच्या १५ मुहूर्तांतला आठवा, साधारण ४८ मिनिटांचा. ११.३६ ही पुस्तकी वेळ सूर्योदय सहाला धरून काढलेली. इंदुरात त्या दिवसांत मध्यान्हच सव्वाबाराच्या आसपास होतो, त्यामुळे कुतप बाराच्या सुमाराला लागतो. उगीच धावपळ करू नका. गुरुजींना उशीर झाला तर दारातच हिशेब विचारू नका. पक्षात त्यांनाही चार घरं असतात.

नैवेद्याआधी चव बघता येत नाही. तेव्हा मीठ एकीनेच घालावं आणि ‘कढीत घातलं’ असं मोठ्याने सांगावं. स्वयंपाकघरात एवढं बोलणं हवंच, बाकीचं नंतर.

गुरुजींशी एकानेच बोलावं. अपसव्य करताना, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेताना, चुकलं, तर मागून तिघांनी ओरडू नये. ते हाताने दाखवतात.

पानावर बसलेले ब्राह्मण मौनाने जेवतात. ‘खीर कशी झालीय?’ विचारू नका. यजमानाने विचारलं तरी त्यांनी अन्नाची वाखाणणी करू नये, असंच शास्त्र आहे. मी पळी वाटीजवळ नेऊन थांबते. बोटं हलली की वाढायचं, तळवा आडवा आला की पुढे सरकायचं. आमसुलाची चटणी मात्र न विचारता दुसऱ्यांदा वाढावी.

वाड्याच्या वाटणीचा विषय कुणीतरी काढतंच. उत्तर ठरवून ठेवा: ‘भाऊजी, अमावस्या होऊ द्या, मग बसू.’

श्राद्धात अश्रू गाळू नयेत म्हणतात. पण सासूबाईंचे डोळे भरले तर त्यांना दटावू नका, आत जाऊ द्या. गच्चीवर कावळा फिरकला नाही, तर ‘बाबांचं मन कशात अडकलंय?’ असले तर्क त्यांच्या कानावर नकोत. थोडी वाट पाहून पान गाईला द्यावं.

दक्षिणेचं पाकीट आदल्या रात्रीच भरा. दारातलं ‘पाचशे पुरेत ना?’ गुरुजींना ऐकू जातं.