गोव्यात नवीन आलात? व्हिनेगरची बाटली उचलण्याआधी एवढं वाचा

भाड्याचं घर, गाडीचं पासिंग, दुपारी एक ते चार बंद असणारी दुकानं, हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. मी मूळची सांगलीची, आता कितीतरी वर्षं मडगावची, आणि मी फक्त व्हिनेगरबद्दल बोलणार आहे, कारण देशावरून आणि पुण्या-मुंबईकडून आलेली मंडळी इथल्या स्वयंपाकात हमखास माती खातात ती इथेच.

आपल्याकडे व्हिनेगर म्हणजे काय, तर गोबी मंच्युरियनमध्ये घालायची ती पांढरी बाटली. त्या बाटलीवरचं लेबल कधी वाचलंय का? बारीक अक्षरात सिंथेटिक लिहिलेलं असतं, म्हणजे ॲसेटिक ॲसिड आणि पाणी, बाकी काही नाही. कायद्याने त्यात किमान 3.75 टक्के ॲसिड लागतं, तेवढं असतं, चव मात्र नसते, नुसता झटका असतो. नळाला चढलेला पांढरा थर काढायला उत्तम. विंदालूत घालू नका, कृपा करा.

इथला खरा जीव माडाच्या व्हिनेगरमध्ये आहे. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढून पोयीला (फुलोऱ्याच्या कोंबाला) बांधलेल्या मडक्यातून सूर, म्हणजे ताजी माडी, उतरवतो, ती सूर आंबते, आधी तिची दारू होते आणि मग तशीच राहू दिली की हवेतल्या जिवाणूंनी तिचं व्हिनेगर होतं. (आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं, यात दारू आहे का गं? दारूचंच ॲसिड होतं हो, चढायला काही उरत नाही.) रंग फिकट पिवळट, थोडं गढूळ, तळाशी गाळ, वास घेतला की आंबटाबरोबर किंचित गोडूस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळांच्या आसपास जुन्या बाटल्यांत भरून ठेवलेलं दिसेल. बघून घ्या आणि थेंबभर जिभेवर ठेवून घ्या, लाजू नका, कारण घरगुती मालाचा जोर प्रत्येक वेळी वेगळा असतो आणि पाणी घालणारेही असतात. पाणचट लागलं तर पुढच्या बाईकडे जा. एक मात्र, बाटलीत वर सायीसारखा पडदा आला म्हणून माल खराब झाला असं समजून ओतून देणारे आपलेच लोक असतात, तो पडदा व्हिनेगर जिवंत असल्याची खूण आहे, गाळून घ्यायचं आणि वापरायचं. हिरवी-काळी केसाळ बुरशी वेगळी, ती दिसली तर टाकायचं.

याचं काम काय, तर रेशाद मसाला (माशात भरायचं लाल वाटण), विंदालू, सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा रस्सा), बालचाँव (कोळंबीचं तिखट लोणचं), सुक्या माशांचं पारां, तेही लोणचंच. रेशाद करायचा तर सुक्या मिरच्या देठ काढून याच व्हिनेगरमध्ये भिजत घालायच्या, मऊ झाल्या की लसूण, जिरं, मिरी, हळद, थोडी चिंच, चिमूटभर साखर घालून वाटायच्या, आणि वाटताना मिक्सर अडला तर व्हिनेगरच घालायचं, पाणी नाही. पाण्याचा थेंबही नाही. पाणी गेलेला मसाला फ्रीजमध्ये आठवडाभरात बिघडतो, नुसत्या व्हिनेगरवर वाटलेला महिनोन्महिने टिकतो, बांगड्याच्या पोटात भरायला कधीही तयार. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, ठसका लागतो.

आता राइस व्हिनेगर. हल्ली इथल्या मोठ्या सुपरमार्केटात सगळं मिळतं, आणि आपले लोक 'राइस' शब्द बघून खूश होतात, तांदूळ म्हणजे आपलाच की. आपला नाही. चांगलं आहे, पण वेगळ्या कामाचं आहे. जपानी साधं राइस व्हिनेगर फिकट रंगाचं, सौम्य, आंबटपणा साधारण 4 ते 4.5 टक्के, तिथल्या नियमाप्रमाणे लिटरला किमान 40 ग्रॅम तांदूळ वापरावा लागतो. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून पिळून घ्या, वर हे व्हिनेगर आणि थोडी साखर, झाली कोशिंबीर, शेंगदाण्याचं कूट नको. दुसरं, 'सीझन्ड' लिहिलेलं, म्हणजे आधीच साखर-मीठ घातलेलं, सुशीच्या भातासाठी. ते नसेल तर दोन वाट्या तांदळाच्या गरम भाताला पाव वाटी साधं राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ, हलक्या हाताने मिसळायचं. इंद्रायणीवर जमतं, इथल्या उकड्या तांदळावर प्रयत्न करू नका.

तिसरं चिनी काळं, झेनजियांग गावचं, चिकट तांदळाचं, मुरवलेलं, खमंग. मोमोबरोबर आल्याच्या बारीक काड्या घालून खा, शेजवान चटणी विसराल. त्यात गव्हाचा कोंडा असतो, गहू वर्ज्य असलेल्यांनी जपून. शांशी प्रांताचं काळं व्हिनेगर त्याच फळीवर असतं, पण ते मुख्यतः ज्वारीचं, सांगली-सोलापूरवाल्यांनी उगाच अभिमानाने घ्यायला हरकत नाही. आणि मिरिन हे व्हिनेगरच नाही, गोड दारू आहे, बाटल्या सारख्या दिसतात म्हणून सांगितलं.

आता जे दर वर्षी कुणी ना कुणी करतं ते. आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं आलं, हौशी, यूट्यूब बघून दोन किलो सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, बालचाँव घातलं, आणि माडाचं व्हिनेगर 'अनहायजिनिक' वाटलं म्हणून इम्पोर्टेड राइस व्हिनेगर वापरलं, तेही सीझन्ड. आधीच सौम्य, वर साखर, वर सुंगटांचं पाणी. बरण्या पुण्याला आईबाबांना पाठवायच्या होत्या. पाठवायच्या आत फसफसल्या. दोन किलो सुंगटं, ती महाग बाटली, सगळं कचऱ्यात. बाहेर टिकवायच्या लोणच्याला निदान 5 टक्क्यांचं व्हिनेगर लागतं, राइस व्हिनेगर सहसा तेवढं नसतं. माडाचंही जोरदारच घ्या, आणि जोराची खात्री नसेल तर बरणी सरळ फ्रीजमध्ये. पुन्हा सांगते, राइस व्हिनेगर टिकाऊ लोणच्यात नाही. सीझन्ड तर नाहीच नाही.

दुसरी भीती बांगड्याची. जपानमध्ये बांगड्याच्याच कुळातला मासा मीठ आणि राइस व्हिनेगर लावून तसाच खातात, ते बघून इथे ताजा बांगडा मिळतोय म्हणून करू नका. व्हिनेगरने माशातले जंत मरत नाहीत. शिजवून खा.

भांडं काचेचं, चिनी मातीचं नाहीतर स्टीलचं. गावाहून आणलेली हिंदालियमची कढई आणि बिनकल्हईचं पितळ लांब ठेवा.

आणि एक गैरसमज. गोव्याचं जेवण म्हणजे व्हिनेगर असं मुंबईहून येणारे ठामपणे सांगतात, कारण त्यांनी किनाऱ्यावरच्या शॅकमध्येच जेवलेलं असतं. फोंड्याकडे एखाद्या हिंदू घरात जेवा, हुमणात (माशाच्या नारळातल्या आमटीत) सोलां म्हणजे आमसुलं, बांगड्याच्या उड्डामेथीत (उडीद-मेथीच्या आमटीत) आंबाडे नाहीतर चिंच, कुठे आंबट बिमली, वासाला कुठे तेफळं (तिरफळं), व्हिनेगरचं नावही नाही. शेजारीण हुमण शिकवत असेल तर मध्येच 'व्हिनेगर किती?' विचारू नका, मी विचारणारे पाहिलेत आणि शेजारणीचे चेहरेही पाहिलेत.

बाजारात जाताना आपली काचेची बाटली कोरडी करून न्या. शुक्रवारी सकाळी लवकर जा, उशिरा गेलात तर पार्किंग मिळत नाही आणि चांगल्या बाटल्या गेलेल्या असतात.