सांदवाडीत आणि धुऱ्यावर बांबूचे बेट : लागवड, निगा आणि तोड

गोठ्याचे ताटवे, वालाचा मांडव, लग्नाचा मांडव, सुपे, टोपल्या, कुंपण अशा कितीतरी कामांसाठी विदर्भातील शेतकऱ्याला बांबू लागतो. तरीही गरज पडली की तो विकत आणण्याकडेच अनेकांचा कल असतो. ज्यांच्या घरी जुने बेट आहे, त्यांची वेगळीच तक्रार असते : पूर्वी जाडजूड बांबू निघत होते, आता काड्याच निघतात. या तक्रारीचे मूळ जमिनीत किंवा पावसात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते चुकीच्या तोडीत असते, म्हणून या लेखात लागवडीपेक्षा तोडीविषयी अधिक सविस्तर लिहिले आहे.

आपल्या भागात घरासाठी पहिली निवड मानवेल बांबूची करावी. तो विदर्भाच्या जंगलातलाच आहे, बऱ्यापैकी भरीव असतो, हलक्या मुरमाड जमिनीतही तग धरतो आणि कमी पावसाच्या पश्चिम विदर्भातही टिकतो. कटांग हा काटेरी आणि उंच बांबू आहे. रानडुकरे व रोही (नीलगाय) यांच्यापासून वावर राखायचे असेल, तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्याची दाट ओळ उपयोगी पडते. मात्र काट्यांमुळे त्याची साफसफाई फार कठीण जाते, त्यामुळे घराजवळ तो लावू नये. बालकुवासारख्या जाड जातींची टिश्यू कल्चर रोपेही आता रोपवाटिकांत मिळतात, पण अशा जातीला खोल जमीन आणि उन्हाळ्यात पाण्याची शाश्वती हवी. या सर्व जाती बेटाने वाढणाऱ्या आहेत. त्यांचे कंद जमिनीखालून दूरवर धावत जात नाहीत, त्यामुळे बांबू लावला की तो सगळ्या वाडीत पसरेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

जागा निवडताना बेटाचा घेर पुढे वाढणार आहे, हे लक्षात ठेवावे. घराची भिंत, विहीर आणि कौलांचे किंवा टिनाचे छत यांपासून किमान पंधरा फूट अंतर असावे आणि वरून विजेची तार जात नसावी. बांबूचा वाळलेला पाला झटकन पेट घेतो, म्हणून चूल, उकिरडा आणि पऱ्हाट्या जाळण्याची जागा बेटापासून दूर असावी. जमिनीबाबत एकच गोष्ट कटाक्षाने पाहावी, ती म्हणजे पाण्याचा निचरा. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहिले तर कंद कुजतात, आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळली की मुळे तुटतात. अशा वावरात रोप खड्ड्यात न लावता फूटभर उंचीच्या वरंब्यावर लावावे. धानाच्या बांधीचा उंच धुरा किंवा बोडीची (लहान तळ्याची) पाळ या जागा त्या दृष्टीने उत्तम आहेत.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे करून ते उन्हात तापू द्यावेत. पाऊस येण्याआधी वरच्या थरातील माती, एक-दोन घमेली कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. कच्चे शेणखत घातल्यास उधई (वाळवी) हमखास लागते. एका ओळीत धुऱ्यावर लावायचे असल्यास दोन रोपांत दहा ते बारा फूट अंतर पुरते. सलग लागवड करायची असल्यास ५ मीटर बाय ४ मीटर अंतरावर एकरी सुमारे २०० रोपे बसतात. लागवड जूनच्या पहिल्या सरीवर उरकू नये. जमीन चांगली भिजली आणि पाऊस स्थिरावला की, म्हणजे साधारणपणे जुलैत, रोपे लावावीत.

रोपवाटिकेतील बियांचे रोप हा सर्वांत सोपा मार्ग आहे. शेजाऱ्याच्या बेटातून कंद आणायचा असेल, तर तो बेटाच्या बाहेरच्या कडेचा, एक ते दोन वर्षे वयाच्या बांबूचा घ्यावा. तीन-चार फूट उंचीवर बांबू तिरपा कापून, सब्बलीने (पहारीने) सभोवतालची माती मोकळी करून, कंद मुळांसकट आणि त्यावरच्या डोळ्यांना धक्का न लावता काढावा आणि त्याच दिवशी लावावा. मानवेलच्या नुसत्या कांड्या रोवून रोपे करण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, पण त्यात यश कमीच येते.

पहिली दोन वर्षे ही रोपाच्या परीक्षेची असतात. आपल्याकडचा एप्रिल-मे कोवळ्या रोपाला सोसत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी द्यावे किंवा बुडाशी बारीक भोक पाडलेले मडके रोपाजवळ पुरून ते भरत राहावे. बुंध्याभोवती धानाचा पेंढा किंवा पाला पसरावा. शेळ्या आणि मोकाट गुरे यांच्यापासून राखण म्हणून बोराट्यांचे कुंपण पुरेसे होते. या काळात निघणारे कोंब काडीएवढे बारीक असतात, त्यामुळे निराश होऊ नये. बांबूचा कोंब जेवढ्या जाडीने जमिनीबाहेर येतो, तेवढीच जाडी त्याला शेवटपर्यंत राहते आणि त्याची पूर्ण उंची एकाच हंगामात होते. पुढे तो केवळ पक्व होत जातो. दरवर्षी कंद बळावतात आणि नव्या वर्षाचे कोंब आदल्या वर्षापेक्षा जाड निघतात, अशा क्रमानेच बेट तयार होते.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर हा कोंब फुटण्याचा काळ असतो. जमिनीतून वर आलेल्या टोकदार कोंबाभोवती पिंगट आवरणे एकावर एक घट्ट बसलेली असतात आणि त्यांच्यावरची बारीक कूस हाताला लागली की खाज सुटते. या दिवसांत कोंब अत्यंत ठिसूळ असतो. गुराचा किंवा माणसाचा नुसता धक्का लागला तरी तो मोडतो. साळिंदर, रानडुक्कर आणि माकडे यांचाही त्याच्यावर डोळा असतो. म्हणून या तीन महिन्यांत बेटात कोणीही शिरू नये आणि तोड तर अजिबात करू नये. वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी पूर्व विदर्भात आवडीने खाल्ली जाते. ती करायची असल्यास गर्दीत अडकलेले किंवा हंगामाच्या अखेरीस निघालेले कमकुवत कोंब घ्यावेत, बारीक चिरून उकळावेत आणि ते पाणी फेकून द्यावे, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. पहिले जोमदार कोंब भाजीसाठी काढणे म्हणजे पुढच्या काही वर्षांचे उत्पन्न खाणे होय.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बेटाभोवती शेणखत टाकून त्यावर मातीची किंवा तलावातील गाळाची भर द्यावी. कंद वर्षागणिक वर सरकतात, उघडे पडतात आणि सुकतात, त्यामुळे हे काम खतापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गळून बेट वाळल्यासारखे दिसते, ते स्वाभाविक आहे. गळलेला पाला जाळू नये, तो बेटातच कुजू द्यावा. सांदवाडीतील, म्हणजे घरामागच्या वाडीतील, बेटाखाली मात्र मुलांचा वावर असतो आणि पाल्यात साप दडतात, तेव्हा तेथील पाला ओढून खड्ड्यात कुजवावा आणि ते खत परत बेटाला घालावे.

आता तोडीचा विषय. मानवेलचे बेट पाच-सहा वर्षांचे झाल्यावर तोड सुरू करावी आणि त्यानंतर ती नियमित करावी. बेटाचे तरुण कंद आणि कोवळे बांबू बाहेरच्या कडेला असतात, तर जुने बांबू मध्यभागी असतात. गरज पडली की माणूस हाताशी येणारा बाहेरचा बांबू तोडतो. त्यामुळे ज्या कंदातून पुढचे कोंब निघायचे, त्याचाच आधार जातो, आणि मधले म्हातारे बांबू एकमेकांत गुंतून, वाळून बेट आतून बंद होते. म्हणून बेटाच्या एका बाजूने, शक्यतो जिकडे नवे कोंब कमी आहेत तिकडून, आत शिरण्यापुरती वाट मोकळी करावी आणि मधून पक्व बांबू काढावेत; बेटाचा आकार घोड्याच्या नालेसारखा झाला की दरवर्षी आत पोहोचणे सोपे जाते.

वय ओळखण्याची खूण अशी : पहिल्या वर्षाचा बांबू गर्द हिरवा असतो, त्याच्यावर पांढरट भुकटी असते आणि बुडाशी आवरणे चिकटलेली असतात. दुसऱ्या वर्षी आवरणे गळतात व फांद्या वाढतात. तिसऱ्या वर्षानंतर रंग मंदावतो, अंगावर करडे डाग दिसू लागतात आणि विळ्याच्या मुठीने ठोकल्यास टणक आवाज येतो. नजरेवर भरवसा नसेल, तर दरवर्षी दिवाळीनंतर नव्या बांबूंवर ऑइलपेंटचा पट्टा ओढावा आणि वर्षागणिक रंग बदलावा. तीन वर्षे पूर्ण झालेलेच बांबू तोडावेत, आणि त्यांतीलही त्या वर्षीच्या नव्या बांबूंच्या संख्येइतके आधारासाठी उभे ठेवावेत.

तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. जमिनीपासून अर्धा ते दीड फुटाच्या दरम्यान, गाठीच्या अगदी वर, धारदार अवजाराने साफ घाव घालावा. दोन गाठींच्या मध्ये तोडल्यास उरलेल्या कांड्याची वाटी होते, तीत पाणी साचते, ठुंब कुजते आणि ती कूज कंदापर्यंत उतरते. उंच ठुंबे ठेवल्यास पुढच्या वर्षी आत हात घालणेही अशक्य होते. वाळलेले, वाकलेले आणि मोडके बांबू वयाचा विचार न करता काढून टाकावेत.

तोडलेल्या बांबूला घुण लागतो तो त्यातील पिष्टामुळे. बोडीच्या किंवा नाल्याच्या पाण्यात बांबू दोन-तीन आठवडे पूर्ण बुडवून ठेवले आणि नंतर सावलीत उभे वाळवले, तर हा त्रास बराच कमी होतो. जमिनीत रोवायच्या टोकाला मात्र उधईपासून संरक्षण म्हणून जळके तेल किंवा डांबर लावावे.

विक्रीचा विचार असणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या शेतातील बांबू तोडण्यातील मोठी अडचण दूर झाली. विणकाम आणि वस्तू तयार करण्याचे शिक्षण हवे असल्यास चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

बेटाला एखाद्या वर्षी सर्वत्र फुलोरा आल्यास ते बेट बी देऊन मरते. खत-पाण्याने ते वाचत नाही. अशा वेळी पक्व बांबू वाळण्याआधी तोडून घ्यावेत, बी गोळा करून त्याच पावसाळ्यात पेरावे, कारण त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही, आणि बियांवर येणाऱ्या उंदरांपासून घरातील धान्य सांभाळावे. फुललेल्या बेटातून कंद मात्र कोणी देऊ केला तरी घेऊ नये, कारण त्याचे वय मूळ बेटाएवढेच असते आणि तोही लवकरच फुलून वाळतो.