पॉइंट टू-टू रायफलचा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) अचानक पसरला, तेव्हा

50 मीटरवरच्या लक्ष्यात 10 गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं, आणि माझ्या गोळ्या 8 पर्यंत भरकटायला लागल्या. आधी काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) बदलला. मग नळी घासूनपुसून साफ केली, तर पहिल्या काही गोळ्या आणखीच बाहेर! (साफ केलेल्या नळीत गोळीवरच्या मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत असं होतंच.)

शेवटी बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढला, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि ॲक्शनला (काडतूस भरून डागणाऱ्या यंत्रणेला) लाकडी दस्त्याशी जोडणारे स्क्रू तपासले. पुढचा चक्क ढिला! टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) दोन्ही आलटून-पालटून, थोडे थोडे, उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच आवळले. ग्रुप लगेच जुळला. आता दर सरावाआधी आधी स्क्रू पाहतो, काडतुसांना दोष नंतर.