जहाज पुलावर आदळलं आणि तुमचा कंटेनर त्यावर असेल तर

पहिला फोन विमा कंपनीला करा, फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था बघणारा एजंट) नंतर. आणि फोनवर थांबू नका, लगेच ईमेल पाठवा: जहाजाचं नाव, बी.एल. (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने मालासाठी दिलेला कागद) नंबर, कंटेनर नंबर, पॉलिसी नंबर, मालाची किंमत. मालाला काही झालंय का हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. तरीही पाठवा.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचं आयात-निर्यातीचं कागदकाम बघते. आसपासचे लहान कारखानदार विचारायला येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "बेन, माल तो सलामत छे ने?" माल सलामत असला तरी पैसे भरायला लागू शकतात, हे त्यांना समजावून सांगताना जी उदाहरणं देते त्यातलं सगळ्यात मोठं अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराचं.

२६ मार्च २०२४ च्या रात्री 'दाली' हे जवळपास ३०० मीटर लांबीचं जहाज बाल्टिमोरहून कोलंबोकडे निघालं होतं. दीडच्या सुमारास वाटेत त्याची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल काही क्षणांत नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे कामगार होते, त्यातले सहा जण गेले. जहाजावरून वेळेत धोक्याचा संदेश गेला म्हणून पोलिसांना दोन्ही बाजूंची वाहतूक अडवता आली, नाहीतर हा आकडा कुठे गेला असता याचा विचारही करवत नाही. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते आणि ते कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून पडले. तुमच्या कंटेनरची चौकशी करताना शिपिंग एजंटावर आवाज चढवू नका. त्या दिवसांत तिकडे माणसं शोधायचं काम चालू असतं.

जहाजावर सुमारे ४,७०० कंटेनर होते. त्यातल्या बहुतेकांना खरचटलंही नव्हतं. पण एप्रिलमध्ये जहाजमालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं आणि सगळ्यांचा माल त्या हिशोबात आला. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम जो खर्च करावा लागतो, म्हणजे टग (जहाज ओढणाऱ्या बोटी), सॅल्व्हेजवाले (अडकलेलं जहाज सोडवणारे), कंटेनर उतरवणं, तो जहाजमालक आणि माल असलेले सगळे आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हा हिशोब होतो आणि बहुतेक बी.एल.च्या मागच्या बारीक अक्षरांत त्याचा उल्लेख असतो. पडलेल्या पुलाची भरपाई मात्र यात येत नाही. ती जहाजमालकाची वेगळी जबाबदारी आहे. पुलाचे पैसे आपल्या डोक्यावर येतील या भीतीने घाईघाईत कशावरही सही करू नका.

काही दिवसांनी ॲडजस्टरचं, म्हणजे हा हिशोब करणाऱ्याचं, पत्र येतं. त्यासोबत दोन कागद असतात. ॲव्हरेज बाँड, म्हणजे आपला हिस्सा देण्याची लेखी हमी, त्यावर मालाच्या मालकाने सही करायची आणि ॲव्हरेज गॅरंटीवर विमा कंपनीने. दोन्ही आधी विमा कंपनीला पाठवा, त्यांचा होकार आल्यावरच तुमची सही. सोबत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट लागते. विमा असेल तर गॅरंटीवर भागतं, खिशातून रोख जात नाही. विमा नसेल तर अनामत भरावी लागते आणि ती भरेपर्यंत माल सोडत नाहीत. समजा माल वीस लाखांचा आहे आणि ॲडजस्टरने दहा टक्के मागितले, तर दोन लाख आधी मोजायचे. अंतिम हिशोब लागायला वर्षं जातात. अनामतीची मूळ पावती तोपर्यंत तिजोरीत ठेवा, उरलेले पैसे परत मिळतात ते तिच्यावरच.

प्रीमियम वाचवायला कमी किमतीचा विमा काढायची सवय इथे फार आहे. जनरल ॲव्हरेजमध्ये ती अंगाशी येते. हिशोबात धरलेली किंमत विम्याच्या रकमेपेक्षा जास्त निघाली तर विमा कंपनी त्या प्रमाणातच देते, उरलेला भाग तुमचा. सीआयएफ किमतीवर (मालाची किंमत, विमा आणि भाडं मिळून) दहा टक्के वाढवून विमा काढा. मालाचं नुकसान झालेलं असेल तर उतरवतानाच सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) लावून घ्या. नुकसान कागदावर आलं की हिश्शासाठी धरलेली किंमतही कमी होते.

आता सगळ्यात कटू भाग. 'दाली' तिथून हलवायला २० मे उजाडला, बंदराचा मुख्य मार्ग पूर्ण मोकळा झाला तो १० जूनला. एवढ्या उशिरामुळे ऑर्डर गेली, हंगाम गेला, तर विमा कंपनी काही देत नाही. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ५५ व्या कलमातच हे आहे: नुकसान उशिरामुळे झालं असेल तर, उशिराचं कारण विम्यात येणारं असलं तरी, विमा कंपनी जबाबदार नाही. म्हणून ग्राहकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा, अत्यंत गरजेचे सुटे भाग विमानाने पाठवता येतात का ते विचारा, आणि पैसे उशिरा येणार असतील तर बँकेलाही आधीच सांगून ठेवा.

एफओबीवाल्यांसाठी (माल जहाजावर चढेपर्यंतच विक्रेत्याची जबाबदारी, अशा अटीवर विकणारे) थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे बरेच जण एफओबीने विकतात आणि माल जहाजावर चढला की हात झटकतात. कायद्याने जोखीम ग्राहकाची, हे खरं. पण ग्राहकाने विमा काढलाच नसेल, त्याच्याकडून अनामत मागितली गेली आणि तो म्हणाला, मला माल नको, तर? पैसे आलेले नाहीत, बी.एल. तुमच्याच हातात, म्हणजे माल आणि त्याची डोकेदुखी दोन्ही तुमच्याकडे परत. ऑर्डर घेतानाच ग्राहकाकडून विम्याची प्रत मागा. उधारीवर विकत असाल तर विमा एजंटाकडे विक्रेत्याच्या हितासाठीच्या 'कंटिन्जन्सी' पॉलिसीची चौकशी करा.

शिवाय कारखान्याच्या दारापासून जहाजापर्यंतचा प्रवास एफओबीत तुमच्याच जोखमीवर असतो. ९ जुलै २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, पादरा तालुक्यात, महिसागरवरचा गंभीरा पूल कोसळला आणि ट्रक माणसांसकट नदीत गेले. ती बातमी बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. तुमची पॉलिसी दारापासून सुरू होते की बंदरापासून, हे आज उघडून बघा.

तुमचा माल दुसऱ्या जहाजावर असेल आणि बंदर बंद म्हणून ते भलतीकडे वळवलं, तरी सुटका नाही. बाल्टिमोरच्या वेळी काही शिपिंग कंपन्यांनी दुसऱ्या बंदरात माल उतरवून आपला करार तिथेच संपल्याचं कळवलं. पुढचा ट्रक आणि साठवणूक मालवाल्याच्या खर्चाने. अशी मेल आली की त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा आणि विमा पुढेही चालू ठेवा असं लेखी मागा.

शेवटचं काम तारखेचं. अपघाताचं कारण कळायला वेळ लागतो: एका तारेवरचं लेबल चुकीच्या जागी असल्याने ती तार जोडणीत घट्ट बसली नव्हती आणि त्यातून 'दाली'ची वीज गेली, हे अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. जहाजमालकाचा दोष सिद्ध झाला तर जनरल ॲव्हरेजचा हिस्सा द्यायला नकारही देता येतो. पण मालाच्या नुकसानीचा दावा लावायची मुदत बहुतेक बी.एल.मध्ये एकच वर्षाची असते आणि चौकशीसाठी ती थांबत नाही. माल मिळाल्याची, किंवा मिळायला हवा होता ती तारीख फाइलच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, आणि वर्ष संपायच्या दोन महिने आधी विमा कंपनीमार्फत जहाज कंपनीकडून मुदतवाढीचं पत्र मागून घ्या.